चुना विझतो, पावडर पेटते

कवठे येमाईचा एक अठ्ठावीस वर्षांचा माणूस संक्रांतीच्या आधीच्या मंगळवारी दुपारी अडीच वाजता मेला. राहू गावाच्या पुढं, नदीकडच्या शिवारातल्या एका गुऱ्हाळावर. तो चुलवाण्या होता, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईखाली, काहिलीखाली, चिपाडं सारून जाळ राखणारा. साडेचार वाजता आमच्या ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली. त्याच संध्याकाळी त्याच्या पंचनाम्यात मी स्वतःच्या हातानं एक चूक लिहिली. ती चूक तशीच राहिली असती, तर तो माणूस आज सरकारी कागदावर दारुडा असता. हे प्रकरण मी विसरलेले नाही, आणि हा मजकूर वाचल्यावर तुम्हालाही विसरता येऊ नये असा माझा प्रयत्न आहे.

मी निवृत्त पोलीस उपनिरीक्षक. वय चौतीस. 'निवृत्त' म्हटलं की लोक माझ्या केसांकडं बघतात. सोलापूर हायवेवर नाकाबंदीला उभी असताना एका टेंपोनं माझा डावा गुडघा निकामी केला आणि खात्यानं मला वैद्यकीय कारणावरून घरी पाठवलं. आता मी पत्रकं छापते आणि बाजाराच्या दिवशी वाटते. कॉलेजातही हेच करायचे. मधली सात वर्षं अंगावर खाकी होती, एवढाच फरक. खटला अजून कोर्टात आहे, म्हणून इथं कुणाचंही नाव लिहीत नाही.

त्या दिवशी ठाण्यात माणसं कमी होती. निम्मी बंदोबस्ताला, एक जण समन्स वाटायला गेलेला. ग्रामीण रुग्णालयातून फोन आला: गुऱ्हाळावरचा कामगार, आणला तेव्हाच मृत. मी एक शिपाई घेऊन निघाले. मालक दवाखान्याच्या दारातच उभा होता. पांढरे कपडे, हातात दोन मोबाइल. मी विचारायच्या आत त्याची हकिगत सुरू.

"मॅडम, कामाला चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण दुपारची लागायची त्याला. झोपला चुलवाणापाशी, धूर गेला नाकातोंडात. आम्ही बघतोय तर संपलेला. ह्या लोकांचं असंच असतं बघा, काम झालं की बाटली."

"कोणत्या लोकांचं?" मी विचारलं.

त्यानं माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. आडनावावर त्याची नजर थांबली, आणि तोंडही. "कामगारांचं म्हणतोय मी," तो म्हणाला.

तिथंच मला संशय यायला हवा होता. आला नाही, नुसता राग आला. रागात माणूस नीट बघत नाही, हे पोलीस प्रशिक्षणात कुणी शिकवत नाही.

प्रेताचा पंचनामा केला. डोळे लालभडक, नाकातोंडाशी फेस, अंगात गडद निळा शर्ट. शर्ट छातीपासून खाली भिजलेला. वरच्या खिशात देशीची अर्धी बाटली. बाटलीवरचा कागद कोरडा. हे सगळं मी लिहिलं, शब्द न् शब्द खरा. आणि खाली लिहिलं: 'शर्टावर व बाह्यांवर चुन्याचे पांढरे डाग.'

चुन्याचे का? कारण ते वाक्य अर्धं सोडून गुऱ्हाळावर गेले तेव्हा मागच्या खोलीच्या जमिनीवर चुना पसरलेला मी पाहिला होता, आणि मगच पंचनाम्याचं ते वाक्य पुरं केलं. खोलीला एकच दार, खिडकी नाही. मालक म्हणाला, सणाची साफसफाई. गुऱ्हाळावर चुना असतोच, रसातही घालतात. मला ते पटलं. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण राखून ठेवलं, व्हिसेरा पुण्याला गेला, कपडे मुद्देमालाच्या कपाटात. काम झालं.

गुरुवारी ठाण्यात एक म्हातारा आला. शेजारच्या शिवारातले आबा, सत्तरीचे. त्यांच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती. तक्रार लिहून झाली, अंगठा झाला, आणि आबा उठता उठता परत बसले. माझा अनुभव सांगते: माणूस ज्यासाठी आलेला असतो, ते तो उठता उठता बोलतो.

"बाई, त्या मंगळवारचं तुमीच बघताय न्हवं?"

"हो आबा. काय?"

"काय न्हाई. धूर म्हणत्यात. मी उसाला पाणी देत हुतो, वारा माझ्याच अंगावर हुता. चिपाडाचा धूर मी जन्मभर खाल्लाय. त्यो धूर न्हवता त्यो. दिवाळीत टिकल्या फोडत्यात न्हवं, तसला वास. घसा धरला माझा. बैल दावं तोडाय लागला."

"कुठून येत होता?"

"चुलवाणातनं न्हाई. मागल्या खोलीच्या दारातनं." मग आजूबाजूला बघून, "माझं नाव नका घालू. मळ्याचा रस्ता त्याच्याच बांधावरनं हाय."

मोठ्या साहेबांना सांगितलं. ते फाईल बघत म्हणाले, "म्हाताऱ्याला वास आला म्हणून मी गुन्हा दाखल करू? तालुक्यात किती गुऱ्हाळं आहेत माहितीये ना? संक्रांत तोंडावर आहे."

शुक्रवारी त्या माणसाची बायको आली. कपडे ओळखण्यासाठी मीच बोलावली होती. पंचवीस-सव्वीसची असेल. सोबत तिचा दीर, तो बाहेरच थांबला. ती खुर्चीत बसायला तयार नव्हती.

"तुमचे यजमान दारू पीत होते?" मी विचारलं.

"आमच्यात पीत न्हाईत असं म्हणत न्हाई मी. माझा बाप पितो, ह्यो बाहेर उभा हाय त्यो बी पितो. माझा माणूस पीत न्हवता. तेवढं लिवा."

मी कपड्यांचं गाठोडं उघडलं. तिनं शर्ट हातात घेतला. रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. पांढऱ्या डागावर तिनं अंगठा घासला. मग नखानं खरवडलं. मग पदराचं टोक ओलं करून पुसलं.

"इथं काय लिवलंय तुमी?"

"चुन्याचे डाग."

"चुना हाताला लागतो मॅडम. झटकला की पडतो. हितं काय पडतंय का? कापडावर काय लागलंच न्हाई. कापडातनं रंग गेलाय."

मी शर्ट उजेडात धरला. ती म्हणत होती ते खरं होतं. डागाच्या जागी सूत न् सूत पांढरं झालं होतं.

"लग्नाआधी शिरूरकडं एका कापडाच्या कंपनीत मी ठेक्यावर हुते. रंग चुकला की ताग्याचा रंग उतरवायचा. तवा एक पावडर टाकायचे. ड्रममधनं काढायची, झाकण लगीच लावायचं. सुपरवायझर वरडायचा, कोरडा हात, कोरडा हात! ओलं झालं की त्या पावडरीचा असाच वास यायचा. फटाक्यावाणी."

तिला आबांचं एक अक्षरही माहीत नव्हतं. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी मी माझाच पंचनामा पुन्हा वाचला. भिजलेला शर्ट. त्याच शर्टाच्या खिशातल्या बाटलीचा कोरडा कागद. दोन्ही गोष्टी मीच लिहिल्या होत्या, एकाखाली एक. माणूस भिजून मेल्यावर बाटली कुणीतरी ठेवली होती. एवढं साधं गणित मी तीन दिवस सोडवलं नव्हतं, कारण त्या माणसाला दारू जोडणं मालकाइतकंच मलाही सोपं गेलं होतं. हे लिहिताना लाज वाटते. वाटू दे.

शनिवारी मी गुळव्याला बोलावलं. गुळव्या म्हणजे गूळ रांधणारा, गुऱ्हाळावरचा खरा जाणकार. साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी मालकाचीच हकिगत घोकून आणली होती: झोपला, धूर, बाटली. चौकशीत ओरडणारे अधिकारी मी पाहिलेत. घोकलेलं उत्तर ओरडल्यानं आणखी पक्कं होतं. मी वही मिटली, चहा मागवला.

"मामा, काहील उतरायला आली हे तुम्हाला कसं कळतं?"

ते चपापले. मग म्हणाले, "थेंब पाण्यात टाकायचा. बोटात गोळी वळली की उतरवायचं. चार पळं उशीर झाला तर करपलं."

"आणि चुना किती घालता?"

"रसावर हाय. आंबट रस असला तर वाईच जास्ती. चुन्यानं मळी फुटून वर येती, ढेप घट बसती. पर अंदाज पायजे. जास्ती झाला की गूळ काळा पडतो, जिभंला चरचरतो. चुना लपत न्हाई मॅडम. हात चुकला की चुना सांगतो."

"आणि पावडर?"

कप खाली ठेवला गेला.

"पावडर कायबी सांगत न्हाई," ते म्हणाले.

"तिनं काय होतं?"

"रंग. नुसता रंग. मळी काढत न्हाई, घट करत न्हाई, टिकवत बी न्हाई. लाल गूळ पिवळाधमक दिसतो. दोन-तीन महिन्यांनी त्योच गूळ काळवंडतो, पर तवर गिऱ्हाइकाच्या डब्यात गेलेला असतो. जाणत्याला चव बी लागती, खारट."

"मग घालता कशाला?"

"तुमी पिवळा मागता म्हणून." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. "आमच्या घरी मी भेंडीच्या चिकावर आन् चुन्यावर केलेला लाल गूळ खातो. बाजारात त्याला कोण इचारतं?"

आमच्या घरातही तिळगुळाला पिवळाच गूळ यायचा.

"मामा, मंगळवारी आग कुठं लागली?"

"मागल्या खोलीत. पावडरीच्या पिंपात."

मग सगळं बाहेर आलं. सणामुळं घाई होती. चुन्याच्या निवळीत बुडवलेला प्लास्टिकचा मग तसाच ओला पावडर काढायला पिंपात घातला जायचा. त्या दिवशी कुणी घातला ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण सगळेच घालायचे. ओल गेली, पिंप आतून तापलं, झाकणातून धूर येऊ लागला. चुलवाण्यानं तो आधी पाहिला. तो बादली घेऊन धावला.

"पाणी टाकायला त्याला कुणी सांगितलं?"

मामांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले.

"मीच. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, तडतडतो, अंगावर उडतो. पाणी कमी पडलं तर जास्तीच. मग आनखी पाणी घालायचं. घटकाभरात गार, लोण्यावाणी. चुना इझवणं म्हणत्यात त्याला. माझ्या बापानं मला शिकवलं, मी त्याला शिकवलं. मला वाटलं, पांढरी पावडर हाय, पाण्यानं तापलीय, म्हंजी आनखी पाण्यानं इझंल. मी काहिलीपाशी हुतो. तिथनंच वरडलो, घाल पाणी, आनखी घाल!"

"किती बादल्या?"

"तीन. तिसरीनंतर त्याचा आवाज न्हाई आला."

"मग तुम्ही धावलात."

ते हलले नाहीत.

"मामा?"

"काहील उतरायला आली हुती."

"म्हणजे?"

"काहील उतरवली. मग गेलो."

"आधी काहील?"

"व्हय मॅडम. आधी काहील. चाळीस वर्सं हात तसाच चालतो. मला वाटलं खोकत आसल. दारात गेलो तर डोळं उघडंनात. त्यो उंबऱ्यापासनं दोन हातावर पालथा पडलेला."

"त्या काहिलीचा गूळ कुठं आहे?"

"गेला. संक्रांतीच्या मालात."

मी मिटलेली वही उघडली आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले.

पुढचं मालकानं केलं. प्रेत ओढून चुलवाणापाशी आणलं, बाटली खिशात घातली, खोलीत चुना पसरला आणि पिंप उसाच्या सरीत पुरलं. पंचांसमक्ष आम्ही ते उकरलं. पिंपावर जिथं लेबल असतं तिथं पत्रा खरवडलेला होता.

"तुम्हाला वाचता येतं?" मी मामांना विचारलं होतं.

"मला न्हाई. त्याला येत हुतं. बारावी झालेला. औषधाच्या बाटल्या सगळी त्याच्याकडनं वाचून घ्यायची."

पिंप कासुर्डीजवळच्या एका गोदामातून आलं होतं. गोदामवाला मोकळ्या मनाचा निघाला. त्याला यात काही चूक केली असं वाटतच नव्हतं. मागच्या रांगेत लेबलवाली पिंपं उभी होती: ज्वाळेचं चित्र, पाण्यापासून दूर ठेवण्याची सूचना, औद्योगिक वापराचा शिक्का. पुढच्या रांगेत तीच पिंपं, खरवडलेली.

"ही अशी का?"

"गुऱ्हाळवाले तशीच मागतात मॅडम. उद्या अन्नभेसळवाला आला तर कुणाला सापडायला नको."

"म्हणजे आगीची सूचना तुम्ही काढून देता."

"आगीची नाही हो! लेबल काढतो. आता सूचना लेबलवरच असते त्याला मी काय करू?"

हा माणूस विनोद करत नव्हता.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या तज्ज्ञानं नंतर समजावून सांगितलं ते इथं साध्या भाषेत लिहिते. चुना पाण्यानं तापतो, त्याचं पाण्याशी असलेलं काम संपतं आणि तो शांत होतो. ही पावडर, जिला बाजारात हायड्रो म्हणतात, ओलीनं तापते, त्या उष्णतेनं स्वतःच फुटत जाते, पेटते, आणि गंधकाचा गुदमरवणारा वायू सोडते. बादली-दोन बादल्यांनी ती आणखी भडकते. तिथं एकच गोष्ट करायची असते: माणसं बाहेर काढून वाऱ्याच्या उलट दिशेला लांब न्यायची आणि अग्निशमन दलाला बोलवायचं.

खाण्याच्या बाजूनंही बघा. चुना साधू नाही. तो खाण्यायोग्य प्रतीचा लागतो, बेतानं लागतो, भट्टीवरचा कसलाही चालत नाही. पण त्याचं रसात काम आहे. हायड्रोचं काम फक्त तुमच्या डोळ्यांपुरतं आहे. गुळात गंधकाचा अंश किती उरावा याला कायद्यात मर्यादा आहे. पण गुऱ्हाळावर मुठीनं टाकणाऱ्याकडं तो मोजायला काय आहे? दमेकऱ्याला हा अंश बाधू शकतो. आणि कापडाच्या कारखान्यासाठी बनलेल्या पावडरीत आणखी काय काय असतं, याची हमी कुणीच घेत नाही.

मी माझा अहवाल घेऊन साहेबांपुढं उभी राहिले. त्यांनी शर्ट पाहिला, पिंपाचे फोटो पाहिले, मामांचा जबाब दोनदा वाचला. "तालुका बोंबलेल," ते म्हणाले, आणि सही केली. निष्काळजीपणानं मृत्यू आणि पुरावा नष्ट करणं, असा गुन्हा दाखल झाला. मालक आणि गोदामवाला दोघांनाही अटक झाली, दोघेही जामिनावर सुटले. पुढच्या हंगामात त्याच गुऱ्हाळाच्या चुलवाणातून पुन्हा धूर निघत होता.

मामांना मी साक्षीदार केलं. "मला बी लिवा त्यांच्यात," असं ते दोनदा म्हणाले. मी लिहिलं नाही. बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता येत नाही. त्यांनी काहिलीला पुन्हा हात लावला नाही, एवढं मला माहीत आहे.

व्हिसेऱ्याचा अहवाल काही महिन्यांनी आला. शरीरात मद्याचा अंश नाही. मी त्याच्या बायकोला बोलावून कागद दिला. तिनं उभ्यानंच तो वाचला.

"ह्याच्या झेरॉक्स किती मिळतील?"

"किती हव्यात?"

"गावात जेवढी दारं हायत तेवढ्या. दहाव्याला आलेली माणसं पाठीमागं काय बोलत हुती ते मी ऐकलंय."

आणि तिनं खरोखरच दारोदार वाटल्या. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर एक लावली, दिराच्या हातात एक दिली. कुणी हसलं, कुणी दार लावून घेतलं. ती पुढच्या दारात गेली.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? पंचनाम्यात डोळ्यांना दिसतं ते लिहावं, मनाला पटतं ते नाही. डाग दिसला तर 'डाग' लिहा; 'चुन्याचा' हा शब्द माझा होता, पुराव्याचा नव्हता. दुसरं मोठं आहे. अन्नातल्या भेसळीबद्दल आपण बोलतो तेव्हा आपल्याला फक्त आपलं पोट दिसतं. आपल्या ताटात येण्याआधी ती पावडर कुणाच्या तरी नाकातोंडातून जाते, हे दिसत नाही. त्या माणसाला वाचता येत होतं. वाचायला काही ठेवलं नव्हतं. आणि लेबल खरवडणारा चाकू गोदामवाल्याचा असला, तरी खरवडायचं कारण पिवळा रंग होता.

तो रंग मालकाला नको होता. मामांना तर नकोच होता. तो तुम्हाला हवा होता, मला हवा होता.

म्हणून तुम्हालाच सांगते, विनंती वगैरे करत नाही. लाल-काळा गूळ दिसला की तो शुद्धच, असंही समजू नका. फसवणारे तिथंही आहेत. पण या आठवड्यात वाण्याकडं जाल तेव्हा पिवळाधमक गूळ पुढं आला तर तो परत सारा. चार गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं विचारा: हा कोणत्या गुऱ्हाळाचा, आणि त्यात काय घातलंय? उत्तर मिळालं नाही तर रिकाम्या पिशवीनं घरी या.